पहिलेपणाचा मान आणि ‘कॅसिओपेया’

शरद ऋतूंतील निरभ्र रात्रीं उत्तरेकडे पाहिलें असतां ध्रुवापासून फार दूर नाहीं अशी पांच ताऱ्यांची एक वेडीवांकडी आकृति दिसते. आपल्याकडे तिला शर्मिष्ठा म्हणतात. युरोपांतील लोक तिला ग्रीक पुराणांतील कॅसिओपेया राणीच्या नांवानें ओळखतात. या तारकापुंजांतील एका कल्पित ग्रहाची कथा सांगणारा मुलांचा एक चित्रपट इ. स. १९९६ च्या एप्रिल महिन्यांत ब्राझीलमध्यें प्रकाशित झाला. त्याचें नांव ‘कॅसिओपेया’, दिग्दर्शक क्लोविस व्हिएरा. त्यांतील चित्रें कोणीं कागदावर काढलेलीं नव्हतीं, कीं छायायंत्रानें टिपलेलीं नव्हतीं; तीं सर्व संगणकानें निर्मिलेलीं होतीं. या एका गोष्टीमुळें त्या लहानशा चित्रपटाभोवतीं पहिलेपणाचा एक वाद उभा राहिला. त्या वादाचा निवाडा करणें फारसें अवघड नाहीं. परंतु त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, व तोच येथें मांडावयाचा आहे.

कथा अगदीं साधी आहे. आतेनेइया नांवाच्या ग्रहावर परके आक्रमक चाल करून येतात व त्याची जीवनशक्ति शोषून घेऊं लागतात. तेथील एक ज्योतिर्विद् स्त्री अंतराळांत साहाय्याची हांक पाठविते. ती हांक दूरच्या चिप, चॉप इत्यादि वीरांच्या कानीं पडते आणि ते आकाशगंगा ओलांडून त्या संकटग्रस्त ग्रहाच्या मदतीस धांवतात. राक्षस, विपत्ति व धांवून येणारे मित्र हा सांचा आपल्या आजीच्या गोष्टींइतकाच जुना आहे. नवें होतें तें कथा दाखविण्याचें साधन.

हें साधन ज्या काळीं हातीं घेतलें तो काळ ब्राझीलच्या चित्रव्यवसायास मोठा प्रतिकूल होता. इ. स. १९९० मध्यें अध्यक्ष कोलोर यांनीं अधिकारावर येतांच ‘एम्ब्राफिल्म’ ही सरकारी चित्रपटसंस्था मोडून टाकली. त्यानंतरच्या दोन वर्षांत देशी चित्रपटांची निर्मिति जवळ जवळ थांबली. इ. स. १९८४ च्या कायद्यानें परदेशी लहान संगणकांना देशाचा बाजार बंद केलेला होता. ती बंदी १९९२ मध्यें संपली. महागाईचें मान तर असें कीं १९९३ सालीं किंमती वर्षभरांत वीस पटींहून अधिक वाढल्या. १९९४ च्या जुलैमध्यें नवें चलन आल्यावरच लोकांना कांहींसा दिलासा मिळाला. अशा दिवसांत, १९९२ च्या आरंभीं, या चित्रपटाचें काम सुरू झालें. उद्यां कागदाची किंमत काय असेल हें ज्या देशांत सांगतां येत नव्हतें, तेथें कांहीं माणसें चार वर्षांनीं पुरें होणारें काम आज हातीं घेत होतीं, हें विसरून चालणार नाहीं.

त्यांच्याजवळ सामग्री काय होती? मोजके चित्रकार आणि घरोघर पत्रें व हिशेब लिहिण्यासाठीं वापरला जाई तशा ‘४८६’ जातीचे सतरा संगणक. कामाचें स्वरूप लक्षांत आल्यावांचून या सामग्रीचें तुटपुंजेपण ध्यानांत यावयाचें नाहीं. प्रथम प्रत्येक पात्राचा व स्थळाचा आकार संगणकांत बहुकोनी पृष्ठांनीं रचावयाचा. मग हालचालींतील प्रमुख ठिकाणें नेमून द्यावयाचीं, म्हणजे मधल्या अवस्था यंत्र स्वतः भरून काढतें. आणि शेवटीं प्रकाश कोठून पडतो, छाया कोठें येते याचें गणित प्रत्येक बिंदूसाठीं करून पुरें चित्र सिद्ध करावयाचें. पडद्यावर दर सेकंदास चोवीस चित्रें लागतात. चित्रपट सुमारें ऐंशीं मिनिटांचा. म्हणजे एक लक्ष पंधरा हजारांच्या वर चित्रें. एका चित्रास एक तास लागतो असें क्षणभर धरलें, तर सतरा यंत्रें रात्रंदिवस चालवूनहि केवळ या शेवटच्या कामास सव्वानऊ महिने लागतात. आणि चूक सांपडली म्हणजे तें पुन्हा करावयाचें, तें निराळेंच.

साधनांची ही मर्यादा चित्रकारांनीं ओळखली, आणि माझ्या मतें त्यांची खरी चतुराई येथेंच दिसते. पात्रें त्यांनीं गोल, शंकु, नळकांडें अशा साध्या भौमितिक आकारांचीं केलीं. कथेसाठीं अंतराळ निवडलें, कारण अंतराळ काळें व मोकळें असतें. त्यांत वाऱ्यानें हलणारीं पानें नाहींत, वाहतें पाणी नाहीं, माणसाचे केस नाहींत, आणि यानाचा गुळगुळीत पत्रा रंगविणें यंत्रास सोपें जातें. अर्थात् या साधेपणाचें मोलहि द्यावें लागलें. आज तीं चित्रें पाहिलीं तर हालचाली ताठर वाटतात व चेहऱ्यांवर भाव थोडे उमटतात. ही उणीव झांकण्याचें कारण नाहीं.

आतां वादाकडे वळूं. अमेरिकेंतील ‘पिक्सार’ संस्थेचा ‘टॉय स्टोरी’ १९९५ च्या २२ नोव्हेंबरला, म्हणजे ‘कॅसिओपेया’च्या सुमारें चार महिने आधीं, प्रकाशित झाला. त्याचा खर्च सुमारें तीन कोटि डॉलर, तर याचा पंधरा लाखांच्या आसपास, म्हणजे विसावा हिस्सा. तेथें चित्रें सिद्ध करण्यासाठींच शंभरांहून अधिक बलवान् संगणकांची रांग राबत होती. जगानें पहिलेपणाचा मान ‘टॉय स्टोरी’ला दिला. ब्राझीलच्या अभिमान्यांनीं त्यावर असा आक्षेप घेतला कीं, पिक्सारच्या कलावंतांनीं कांहीं पात्रांच्या मूर्ति आधीं मातीच्या घडविल्या व त्यांचीं मापें संगणकांत उतरविलीं; ‘कॅसिओपेया’ची मात्र प्रत्येक रेषा संगणकांतच जन्मास आली; तेव्हां संपूर्ण संगणकीय असा पहिला चित्रपट हाच.

हा युक्तिवाद मला पटत नाहीं. मूर्तिकारानें शाडूचा नमुना करून मग पाषाणांत मूर्ति कोरली, तर ती मूर्ति मातीची ठरत नाहीं. ‘टॉय स्टोरी’चें पडद्यावरील प्रत्येक चित्र संगणकानेंच निर्मिलेलें आहे. काम आधीं कोणीं सुरू केलें असें पाहूं जातां तेथेंहि आधार सांपडत नाहीं; कारण डिस्ने व पिक्सार यांचा करार १९९१ मधील आहे. मर्यादेचें जें भान ब्राझीलच्या चित्रकारांना होतें तें पिक्सारलाहि होतेंच. म्हणून तर त्यांनीं आपली कथा मुलांच्या टणक, चकचकीत खेळण्यांची निवडली. तेव्हां न्यायानें पाहतां पहिला मान ‘टॉय स्टोरी’चाच आहे.

मग ब्राझीलच्या लोकांनीं या मानासाठीं एवढा आग्रह कां धरावा? याचें उत्तर त्याच खंडाच्या इतिहासांत आहे. शेजारच्या अर्जेंटिनांत किरिनो क्रिस्तियानी नांवाच्या इटालियन वंशाच्या कलावंतानें १९१७ मध्यें पुठ्ठ्याच्या कापलेल्या आकृति चालवून ‘एल् आपोस्तोल’ हा पूर्ण लांबीचा उपहासपट केला. चित्रकथा चालती-बोलती करणारा पहिला दीर्घ चित्रपट म्हणून सामान्य माणूस १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’चें नांव घेतो, क्रिस्तियानीचा चित्रपट त्याच्या वीस वर्षें आधींचा. येथें पहिलेपण निर्विवाद होतें, पण इ. स. १९२६ मध्यें निर्मात्याच्या चित्रशाळेस आग लागली, तींत तो चित्रपट भस्म झाला, आणि आज त्याची एकहि प्रत उरलेली नाहीं. ब्राझीलमध्येंहि अनेलिओ लातिनी यानें जवळ जवळ एकट्यानें वर्षानुवर्षें चित्रें काढून १९५३ मध्यें ‘सिन्फोनिया अमाझोनिका’ पुरा केला. तो त्या देशाचा पहिला दीर्घ सचेतन चित्रपट, परंतु देशाबाहेर त्याचें नांव किती जणांस ठाऊक आहे? ज्यांच्या हातीं जगभर चित्रगृहें व जाहिरातीचीं साधनें नाहींत, त्यांचें कार्य इतिहासांत शिरावें तर तें ‘पहिलें’ या एकाच दारानें. आणि पुष्कळदां तें दारहि बंदच सांपडतें. पहिलेपणाच्या अट्टाहासामागें विसरलें जाण्याचें हें जुनें दुःख आहे.

मान कोणाचा हें ठरविण्याची एक दुसरीहि रीत आहे. कोण आधीं पोंचला यापेक्षां कोण किती सामग्रीनिशीं निघाला व कोठवर गेला, हें पाहावें. त्या मोजमापानें ‘कॅसिओपेया’चें स्थान लहान नाहीं. घरगुती संगणकांवर मोजक्या माणसांना दीर्घ चित्रपट पुरा करतां येतो हें त्यानें दाखविलें. पुढें २०२४ मध्यें लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिस यानें कोणासहि विनामूल्य मिळणाऱ्या ‘ब्लेंडर’ या संगणक-प्रणालीवर लहानशा साहाय्यकवर्गासह ‘फ्लो’ हा चित्रपट केला व त्यास २०२५ मध्यें ऑस्कर पारितोषिक मिळालें. झिल्बालोदिसनें ‘कॅसिओपेया’ पाहिला होता असें माझें म्हणणें नाहीं; परंतु वाट एकच आहे, आणि त्या वाटेवर आधीं चाललेल्यांत ब्राझीलचे हे चित्रकार होते.

शेवटीं एक सूचना करावीशी वाटते. ‘एल् आपोस्तोल’ आगीनें नेला. संगणकाचीं चित्रें आगीवांचूनहि नाहींशीं होऊं शकतात, कारण तीं ज्या यंत्रांवर जन्मलीं तीं ‘४८६’ यंत्रें कधींच अडगळींत गेलीं आहेत. असे लहान प्रयत्न वेळींच जतन केले पाहिजेत. ते पहिले होते म्हणून नव्हे. आतेनेइयाच्या त्या स्त्रीनें रित्या आकाशांत हांक घातली तेव्हां ती कोणाच्या कानीं पडेल हें तिला कोठें ठाऊक होतें? पुढच्या पिढींतील एखाद्या मुलानें जुन्या कामाकडे पाहावें व स्वतः कांहीं करावें, तर तें काम त्याच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणीं आपण ठेविलेलें असलें पाहिजे.