पुलावरची दुसरी व्यक्ती : हॅमिल्टन आणि त्यांचे घर

१६ ऑक्टोबर १८४३, सोमवार. डब्लिनबाहेरील रॉयल कालव्याच्या काठाने एक दांपत्य शहराकडे चालले होते. पती सर विल्यम रोवन हॅमिल्टन हे आयर्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ. रॉयल आयरिश अकादमीच्या बैठकीसाठी निघालेले. पत्नी हेलन मधूनमधून काही बोलत होत्या, पण पतीचे निम्मे चित्त दुसरीकडेच होते. ब्रूम पुलापाशी येताच हॅमिल्टन यांना कित्येक वर्षांच्या कोड्याचे उत्तर सुचले आणि त्यांनी खिशातल्या चाकूने ते सूत्र पुलाच्या दगडावर कोरले.

१९५८ मध्ये एमन डी व्हॅलेरा यांनी या पुलावर स्मृतिफलकाचे अनावरण केले. हॅमिल्टन येथून चालत जात असताना त्यांना सूत्र स्फुरले, एवढेच तो फलक सांगतो. हेलन त्यावर नाहीत.

हॅमिल्टन यांचा जन्म ऑगस्ट १८०५ मधला, डब्लिनच्या डॉमिनिक स्ट्रीटवरचा. वडील आर्चिबाल्ड वकिली करीत. तीन वर्षांच्या विल्यमला त्यांनी ट्रिम गावी धर्मोपदेशक असलेल्या काका जेम्स यांच्याकडे शिकावयास धाडले. काकांना भाषांचा विलक्षण नाद. सुमारे दहा वर्षांच्या मुलाच्या भाषांची यादी वडिलांनी एका पत्रात अभिमानाने दिली आहे. तीत हिब्रू, फारसी, अरबी, संस्कृत, हिंदुस्थानी, बंगाली आहेत आणि चक्क मराठीही! पुण्यात तेव्हा पेशवाई अजून उभी होती. पित्याच्या कौतुकातील अतिशयोक्ती वजा केली, तरी यादीमागचा व्यवहार स्पष्ट दिसतो. पौर्वात्य भाषा म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीची वाट. पण १८१७ मध्ये आई आणि १८१९ मध्ये वडील वारले, आणि मुलगा भाषांकडून गणिताकडे वळला.

१८२७ मध्ये पदवीही हाती नसताना, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांची ट्रिनिटी कॉलेजात खगोलशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. डनसिंकची वेधशाळा हेच घर झाले आणि बहिणी तेथे राहावयास आल्या. एलायझा कवयित्री होत्या. १८३८ मध्ये त्यांचा काव्यसंग्रह निघाला. सिडनी यांनी वेधशाळेच्या कामात हातभार लावला. त्याची गरजही होती, कारण हॅमिल्टन यांचे मन दुर्बिणीपाशी फारसे रमलेच नाही. १८३२ मध्ये त्यांनी केवळ गणिताच्या बळावर भाकीत केले की, विशिष्ट स्फटिकातून जाताना प्रकाशकिरण शंकूच्या आकारात पसरेल. काही आठवड्यांतच हम्फ्री लॉइड यांनी ते प्रयोगाने खरे ठरवले.

विद्यार्थिदशेत त्यांचे कॅथरीन डिझ्नी यांच्यावर प्रेम जडले होते; परंतु १८२५ मध्ये घरच्यांनी कॅथरीन यांचा विवाह एका धर्मोपदेशकाशी लावून दिला. हे दुःख हॅमिल्टन यांना जन्मभर पुरले. १८३३ मध्ये त्यांनी हेलन बेली यांच्याशी विवाह केला आणि येथूनच हेलन यांच्या वाट्याला ‘दुसरी’ ही भूमिका आली. विल्यम एडविन, आर्चिबाल्ड आणि हेलन एलायझा ही तीन अपत्ये झाली. हेलन यांची प्रकृती नाजूक. १८४० मध्ये मुलगी झाल्यावर त्या दीर्घकाळ इंग्लंडमध्ये होत्या.

पुढच्या लेखकांना एवढे साहित्य पुरेसे झाले. रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या त्रिखंडी चरित्रात घर सांभाळण्यात त्या उण्या पडल्याचा सूर आहे. १९३७ मध्ये एरिक टेंपल बेल यांनी हॅमिल्टन यांच्यावरील प्रकरणाला ‘एक आयरिश शोकांतिका’ असे नावच देऊन टाकले. मद्य, अव्यवस्थित घर, दुबळी पत्नी. मद्याची गोष्ट निराधार नव्हे; १८४६ मध्ये एका मेजवानीत हॅमिल्टन यांचा तोल सुटला होता. पण त्यानंतर सुमारे दोन वर्षे त्यांनी मद्य वर्ज्य केले, हे सांगताना मात्र शोकांतिकाकारांची लेखणी आखडते. डच संशोधक अ‍ॅन व्हान वेर्डन यांनी अलीकडे पत्रव्यवहार बारकाईने वाचून या विवाहाचे पुष्कळ सुखी चित्र पुढे आणले आहे.

आता पुन्हा त्या कोड्याकडे. संमिश्र संख्या म्हणजे दोन अंकांची जोडी. तिने प्रतलातील भ्रमण मांडता येते. अवकाशासाठी हॅमिल्टन तीन अंकांची त्रिके शोधत होते. त्रिकांची बेरीज जमे, गुणाकार काही जमेना. १८४३ च्या ऑक्टोबरात दोन्ही मुलगे रोज न्याहारीच्या वेळी विचारीत : बाबा, त्रिकांचा गुणाकार जमला का? बाबा खिन्नपणे मान हलवीत. पुलावर उमगले ते हे की, तीन नव्हे, चार अंक हवेत. आणि गुणाकारात क्रम उलटला तर उत्तर बदलते, हेही मान्य करावे लागेल. हेच क्वाटर्नियन. आज अंतराळयानाची दिशा ठरवताना आणि संगणकीय खेळांतील हालचाली मांडताना ते वापरले जातात.

न्याहारीचा हा प्रसंग हॅमिल्टन यांनीच धाकटा मुलगा आर्चिबाल्ड याला ऑगस्ट १८६५ मध्ये लिहिलेल्या पत्रात आहे. त्यानंतर महिनाभरात, २ सप्टेंबरला, ते निवर्तले. अपुरा राहिलेला क्वाटर्नियनवरील ग्रंथ थोरल्या विल्यम एडविनने १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केला. हेलन १८६९ मध्ये वारल्या.

त्या दिवशी कालव्याकाठी तुझी आई माझ्यासोबत चालत होती, हे हॅमिल्टन यांनी आर्चिबाल्डला लिहिलेल्या त्याच पत्रात नोंदवून ठेवले आहे.