चार मीटरच्या गाडीत चौतीस किलोंचा बाळू

आजचा भाग गाड्यांच्या इतिहासाचा आहे, पण तो सुचला आमच्या बाळूमुळे. बाळू म्हणजे लॅब्रेडॉर, वय ७, वजन ३४ किलो. गेल्या पावसाळ्यात तो मागच्या पायाने लंगडायला लागला. निदान झालं हिप डिस्प्लेसियाचं, म्हणजे खुब्याचा सांधा खोबणीत नीट बसत नाही. मोठ्या जातींमध्ये हे बरंच दिसतं. उड्या बंद, जिने बंद, वजन कमी करा आणि दर काही आठवड्यांनी तपासणी.

आता तपासणी परळला आणि आम्ही डोंबिवलीला. रिक्षावाला बाळूला बघून मीटरला हातच लावत नाही. ॲपवरून बोलावलेली कॅब सोसायटीच्या गेटवरून परत गेली, तेही दोनदा. दुसऱ्या वेळी बाळू फुटपाथवर बसला तो उठेचना. त्याच रात्री ठरलं, गाडी घ्यायची. बजेट पाच लाख, सेकंडहँड, इन्शुरन्स आणि नावावर करण्याचा खर्च धरून.

बाबांची एकच अट होती : "डिकीवाली घ्यायची. गाडी गाडीसारखी दिसली पाहिजे."

हे "गाडीसारखी" कुठून आलं? आपल्याकडे त्याचं उत्तर सरळ आहे, प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडायला लागल्या. पुढे बॉनेट, मध्ये माणसं, मागे डिकी, असे तीन वेगळे डबे. बाबांच्या मामांकडे पद्मिनी होती आणि लग्नाचं सामान त्या डिकीत कसं मावलं ही गोष्ट आम्ही दर दिवाळीला ऐकतो. पण डिकी हा बंद डबा आहे. तिथे ना हवा, ना उजेड. बॅगा ठेवा, कुत्रा नाही. त्याला उरते मागची सीट, म्हणजे उंच, अरुंद आणि गुळगुळीत. जोरात ब्रेक लागला की तो थेट पायांच्या खड्ड्यात. खुबा दुखणाऱ्या कुत्र्याचं त्यात काय होईल, विचार करा.

हॅचबॅकचं तसं नाही. मागचं दार काचेसकट वर उघडतं, वरचा पार्सल ट्रे काढला की मागची जागा आणि माणसांची जागा एकच होते. एसीची हवा पोचते. कुत्र्याला तुम्ही दिसता, तुम्हाला तो दिसतो.

आता गंमत ऐका. कल्याण-शीळ रस्त्यावरचं प्रीमियर मैदान माहितीये ना, जिथे मोठमोठ्या सभा होतात? ते नाव याच कंपनीचं. इथल्या कारखान्यात १९९४ ते १९९७ या काळात प्यूजो ३०९ जोडली जायची, फ्रेंच कंपनीबरोबरच्या भागीदारीत. आणि ३०९ ही होती पाच दारांची हॅचबॅक, मागे भली मोठी काच! म्हणजे बाळूच्या सोयीची गाडी आमच्या घराच्या इतक्या जवळ बनत होती, तीही माझ्या जन्माच्या आसपास. कामगारांचा संप झाला, विक्रेत्यांचं जाळं नीट उभं राहिलं नाही आणि प्यूजो निघून गेली. मला ३०९ बद्दल जरा जास्तच माया वाटते, हे मान्य.

मग आपल्याकडे स्टेशन वॅगन का रुजली नाही? प्रयत्न झाले. टाटांनी १९९२ साली पुण्यातून इस्टेट आणली आणि २००४ साली इंडिगो मरीना. लांब, सपाट, मोकळी पाठ. युरोपात कुत्रेवाले लोक अशाच गाड्या घेतात. आपल्याकडे दोन्ही टिकल्या नाहीत. माझं मत विचाराल तर आपल्याला ती पाठ टेम्पोसारखी वाटली. मारुती ओम्नी मात्र १९८४ पासून २०१९ पर्यंत चालली. सरकतं दार, चौकोनी पोट. पण ती घेतली ती शाळा, दुकानं आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांनी. घरची गाडी म्हणून ती बाबांच्या स्वप्नात कधी आली नाही.

सगळ्यात मोठा बदल मात्र कारखान्यात नाही, संसदेत झाला. फेब्रुवारी २००६ च्या बजेटमध्ये पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. छोटी म्हणजे कोणती? लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसी आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. मोबाइलचं ॲप जसं स्टोअरच्या नियमात बसवतात तशा कंपन्यांनी गाड्या या आकड्यात बसवल्या. बाबांना आवडलेली छोटी सेडान यातूनच जन्मली. २००८ मध्ये इंडिगो सीएस आली आणि २०१२ मध्ये डिझायरची शेपटी कापून ती चार मीटरच्या आत आणली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, छोट्या गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४०, तरी व्याख्या तीच, चार मीटर. लांबीला कर लागतो, उंचीला लागत नाही. म्हणून परवडणारी जागा शोधायची तर वर बघायचं, मागे नाही.

आणि सीएनजी? ठाणे-कल्याण पट्ट्यात हा मोहच आहे. महिन्याचा खर्च बघता बाबांचं गणित माझ्यापेक्षा बरोबर होतं, हे मी एक्सेलमध्ये करूनच हरले. पण सिलिंडर बसतो डिकीत, नेमका बाळूच्या जागेवर. टाटांनी २०२३ मध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटे, डिकीच्या तळाखाली बसवले. चांगली युक्ती आहे, पण त्या गाड्या अजून आमच्या बजेटच्या वर.

मग तीन रविवार मी टेप घेऊन ठाण्यात आणि कल्याणमध्ये फिरले. बाळू खांद्यापर्यंत ५८ सेंटिमीटर उंच. वॅगन आर जवळपास जमली होती, दार उंच आणि चढायला सोपं. पण सीट पाडली तरी मध्ये पायरी राहत होती आणि बाळू त्या पायरीशीच अडला.

मग सापडली होंडा जॅझ. २००९ मध्ये आपल्याकडे आली, इंजिन ११९८ सीसी, लांबी चार मीटरच्या आत. म्हणजे नियमातलीच, पण आतून डोकं लढवलेली. बहुतेक गाड्यांची इंधनाची टाकी मागच्या सीटखाली असते, हिची पुढच्या सीटखाली. त्यामुळे मागची बसायची गादी सिनेमागृहातल्या खुर्चीसारखी वर उचलता येते आणि खाली जवळजवळ सपाट जमीन मिळते, थेट छतापर्यंत मोकळी. कुत्र्याला सीटवर उडी मारायची गरजच नाही, दाराचा उंबरा ओलांडला की आत. एक सांगून ठेवते, २०१५ च्या जॅझमध्ये ही सीट फक्त वरच्या मॉडेलमध्ये होती आणि २०१८ ला ती काढूनच टाकली. त्यामुळे जाहिरातीत नुसतं "जॅझ" वाचून निघू नका, जाऊन गादी स्वतः उचलून बघा.

आम्ही २०१६ ची, पेट्रोलवाली बघितली. बाळूला आणलं. त्याने उंबरा हुंगला, पुढचे पाय आत टाकले, मागचे मी उचलले. आत आडवा झाला आणि जांभई दिली. बाबा बाहेरून डिकी बघत होते.

"रजिस्ट्रेशन कधीपर्यंत आहे?" त्यांनी विचारलं.

"२०३१."

बाबा बाळूकडे बघत राहिले. तोंडावरचे पांढरे केस आता लांबूनही दिसतात. हे दुसरं गणित आम्ही दोघांनीही मोठ्याने केलं नाही. मग ते म्हणाले, "घेऊन टाक. आणि खाली रबरची मॅट टाक, घसरेल तो."

परळच्या दोन फेऱ्या झाल्यात. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये मी आणि बाबा वैतागतो, बाळू मागे घोरतो.