रात्रीची लांबी सांगणारी ग्रंथी

मेंदूच्या अगदी मध्यावर भाताच्या शितापेक्षा फारशी मोठी नसलेली एक ग्रंथी आहे. तिला पिनियल म्हणतात. सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने आत्म्याचे मुख्य ठाणे तिथेच कल्पिले. कल्पना डौलदार खरी; पण ग्रंथी करते काय, याचा उलगडा तिने झाला नाही.

धागा सापडला तो एका दुर्दैवी मुलामुळे. १८९८ साली ओटो ह्यूबनर या जर्मन बालरोगतज्ज्ञाने एका साडेचार वर्षांच्या मुलाची हकीकत मांडली. त्याच्या अंगी अकालीच तारुण्याची लक्षणे उमटली होती आणि पिनियलच्या जागी गाठ होती. ग्रंथी हा तारुण्याचा लगाम असावा, असा तर्क साहजिकच निघाला.

लगामाचे द्रव्य मात्र भलत्याच वाटेने हाती आले. बेडकाच्या पिलांची कातडी फिकी करणारे काहीतरी गुरांच्या पिनियलमध्ये असते, हे १९१७ पासून ठाऊक होते. येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आरॉन लर्नर यांना त्यात कोडावरील औषधाची आशा दिसली. हजारो ग्रंथी गोळा करून १९५८ साली त्यांनी ते द्रव्य वेगळे केले व त्याला मेलाटोनिन हे नाव दिले. कोडाचा प्रश्न तसाच राहिला! पुढे १९६३ मध्ये वुर्टमन, ॲक्सेलरॉड आणि चू यांनी तेच उंदराच्या माद्यांना टोचले, तेव्हा बीजकोशांचे वजन घटले व माजावर येणे कमी झाले. दोनच वर्षांनी हॉफमन आणि रायटर यांना आढळले, की अंधारात ठेवलेल्या हॅमस्टरांचे वृषण आक्रसतात. पिनियल काढून टाकली तर आक्रसत नाहीत.

लगाम सिद्ध झाला म्हणावे, तो मेंढीने घोटाळा केला. मेलाटोनिन दिल्याने ती उलट लवकर माजावर येते!

श्रोतेहो, मेलाटोनिन रात्री स्रवते. रात्र लांबली की अधिक वेळ स्रवते. ते केवळ ऋतूची वार्ता पोचवते. त्या वार्तेनुसार मेंदू जननग्रंथींना चालना देणारी संप्रेरके वाढवतो वा आवरतो. हॅमस्टरचा गर्भ जेमतेम अडीच आठवड्यांचा, म्हणून त्याला लांब दिवस हवेत. मेंढीचा पाच महिन्यांचा; वसंतात कोकरू व्हायचे तर शरदातच फळावे लागते. वसंतात जन्मलेली कोकरी वयात येते तीही दिवस लहान होऊ लागल्यावरच.

आणि ह्यूबनरचा तो मुलगा? पिनियलच्या जागी होणाऱ्या काही गाठी स्वतःच वृषणांना चेतवणारे संप्रेरक स्रवतात, हे आज माहीत आहे. तिथे लगाम तुटलेला नसतो; टाच मारणारा दुसराच असतो.