निनादाचे मोजमाप
इ. स. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले. तेथे उच्चारलेला शब्द सुमारे ५.५ सेकंद घुमत राही व वक्त्याच्या पुढील शब्दांत मिसळून जाई. या घुमण्यासच निनाद म्हणतात. त्यावर उपाय शोधण्याचे काम वॉलेस सॅबाइन या तरुण पदार्थविज्ञान-अध्यापकाकडे आले. रात्रीच्या शांततेत त्याने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून मांडल्या आणि ऑर्गनच्या नळीचा नाद किती वेळात विरतो हे मोजले. गाद्या वाढत तसतसा निनादकाल घटे. १८९८ मध्ये त्यास नियम गवसला : निनादकाल दालनाच्या घनफळाच्या सम प्रमाणात व एकूण ध्वनिशोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १९०० मध्ये उघडलेल्या बॉस्टनच्या सिंफनी हॉलच्या रचनेत याच गणिताचा उपयोग झाला.

या नियमात आवाजाच्या मोठेपणाला स्थान नाही, हे भाषाभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावे. ‘होम थिएटर’ म्हणून सजविलेल्या खोलीत संवाद अस्पष्ट वाटले की आवाज वाढविला जातो; परंतु त्याबरोबर निनादही तितकाच मोठा होतो, आणि रेंगाळणारे स्वर पुढील क्षीण व्यंजनांना झाकून टाकतात. उघड्या भिंतींच्या अशा खोलीत गालिचा, जाड पडदे व गादीची आसने हाच पहिला उपाय होय.