गॅसच्या रांगा : १९७३ ते २०२१

सत्तरच्या दशकात या देशात आलेली आपली ज्येष्ठ मंडळी गणपतीच्या जेवणानंतर निवांत सापडली, तर त्यांना गॅसच्या रांगांबद्दल जरूर विचारावे. (इथला गॅस म्हणजे पेट्रोल, आपला सिलिंडर नव्हे, हे नव्याने आलेल्यांसाठी.) पहाटे अंधारात रांगेत लावलेली गाडी, थर्मासमधला चहा, 'संपले' असे सांगणारा पंपावरचा लाल झेंडा. हे सारे सांगून झाले की शेवटी एक वाक्य येतेच : अरबांनी तेल तोडले, दुसरे काय! ते खोटे नाही. पण तेवढ्याने भाव का चढले हे कळते, रांगा का लागल्या हे कळत नाही.

घटनाक्रम थोडक्यात असा. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त आणि सीरियाने इस्राएलवर हल्ला केला. १६ तारखेला आखातातील तेल उत्पादक देशांनी पिंपाचा जाहीर भाव सुमारे तीन डॉलरवरून पाच डॉलरच्या वर नेला, दुसऱ्या दिवशी अरब देशांनी उत्पादनात दरमहा कपात जाहीर केली, आणि निक्सन यांनी इस्राएलसाठी २२० कोटी डॉलरची मदत मागताच अमेरिकेवर बंदी आली. १ जानेवारी १९७४ ला जाहीर भाव ११ डॉलर ६५ सेंट झाला. मार्च १९७४ मध्ये बंदी उठली. कपात ऐन भरात असतानाही जगाच्या उत्पादनातील घट सुमारे सात टक्के होती. आता गंमत पाहा : घरात शंभरऐवजी त्र्याण्णव रुपये आले तर आपण काटकसर करतो, पहाटे चारला उठून बँकेसमोर उभे राहत नाही. मग इथे तसे का झाले?

एक कारण वॉशिंग्टनमध्ये होते. महागाई रोखण्यासाठी निक्सन यांनी ऑगस्ट १९७१ मध्ये भाव गोठवले होते. इतर बहुतेक वस्तूंवरील नियंत्रण १९७४ पर्यंत उठले, तेलावरचे मात्र राहिले, आणि ते संपूर्ण काढायला जानेवारी १९८१ मध्ये रेगन यावे लागले. भाव पुरेसा वाढू द्यायचा नाही म्हटल्यावर माल वाटून द्यावा लागतो. तो वाटायचा नियम असा की १९७२ साली ज्याला जेवढा मिळाला त्या प्रमाणात आता द्यायचा. कागदावर हे न्याय्य दिसते. पण लोकांनी लांबच्या सहली बंद केल्या होत्या, त्यामुळे सुट्टीच्या गावातील पंपांवर पेट्रोल पडून आणि शहराजवळच्या पंपावर मैलभर रांग, असा प्रकार झाला. जुन्या आकड्यांवर चालणारी प्रणाली नवी परिस्थिती आली की अशीच वागते, हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण जास्त मजेशीर आहे, आणि ते आपल्याच गॅरेजमध्ये उभे होते. त्या वेळी अमेरिकेत साधारण दहा कोटी मोटारी होत्या. एरवी माणूस टाकी पाव राहिली की पंपावर जातो. उद्या मिळेल की नाही अशी शंका आली की तो अर्धी असतानाच जातो. समजा प्रत्येक टाकीत सरासरी पाच गॅलन जास्त राहू लागले. झाले पन्नास कोटी गॅलन, म्हणजे एक कोटी एकोणीस लाख पिंपे. देशाचा पेट्रोलचा रोजचा खप तेव्हा ६७ लाख पिंपांच्या आसपास होता. म्हणजे एक थेंबही जास्त न जाळता पावणेदोन दिवसांचे पेट्रोल पंपाखालच्या टाक्यांतून निघून मोटारींच्या टाक्यांत जाऊन बसले. पंपाचा साठाच मुळी काही दिवसांचा. तो उडाला की लाल झेंडा, झेंडा दिसला की शेजारी धावतो, आणि चक्र सुरू. यात मूर्ख कोणीच नाही. प्रत्येकाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर आहे. गंमत म्हणजे त्याच काळात तेलाने भरलेली जहाजे किनाऱ्यापासून दूर मुद्दाम थांबवून ठेवली आहेत, अशी वदंता देशभर होती. साठा कुठे दडला हे शोधताना कोणी आपल्या टाकीचा काटा पाहिला नाही.

डिसेंबर १९७३ मध्ये जॉनी कार्सन यांनी आपल्या कार्यक्रमात टॉयलेट पेपरच्या टंचाईवर विनोद केला आणि खरोखरच दुकानांतली फडताळे रिकामी झाली. २०२० मध्ये कॉस्टकोसमोर उभे राहिलेल्यांना हे नवे वाटणार नाही.

आपल्याकडच्या मंडळींना रांग अपरिचित नव्हती. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रेशनवर तांबडी मिलो खाल्ली, आणि रॉकेलची रांग तर पुढेही कितीतरी वर्षे होती. रेशनकार्डाला आपण जन्मभर नावे ठेवली. पण त्यात एक गोष्ट होती : कार्डावर जेवढे लिहिले तेवढेच मिळणार, त्यामुळे चार फेऱ्या मारून साठा करण्यात अर्थ नसे. (दुकानदार काय करत असे, हा निराळा लेख होईल.) अमेरिकन सरकारलाही हे सुचले नव्हते असे नाही. त्यांनी सुमारे ४८० कोटी पेट्रोल-कुपने छापून तयार ठेवली. त्यांच्यावर जॉर्ज वॉशिंग्टनचे चित्र होते, आणि सुटे पैसे देणारी यंत्रे त्यांना डॉलरची नोट समजतील अशी भीती निघाली! ती कुपने कधीच वापरली गेली नाहीत.

त्याऐवजी आली सम-विषम पद्धत. गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा सम तर सम तारखेला. माझ्या मते हा उपाय रांगेची शोभा वाढवणारा होता. एक दिवस आड मिळणार म्हटल्यावर ज्याला गरज नाही तोही आपला दिवस वाया घालवत नाही. १९७९ मध्ये इराणच्या क्रांतीनंतर रांगा परत आल्या तेव्हा काही राज्यांनी उलटा, आणि जास्त शहाणा, नियम जोडला : टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली असेल तर पेट्रोल मिळणार नाही. तोवर लोकांचा धीर सुटला होता. त्या जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटाउनमध्ये पेट्रोलवरून दोन रात्री दंगल झाली.

सम-विषम आपल्यापैकी अनेकांनी स्वतः अनुभवले आहे, तेलाचा जागतिक तुटवडा नसतानाही. ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस सँडी वादळानंतर न्यू जर्सीच्या बारा काउंटींत ते लागू झाले. कित्येक पंपांच्या पोटात पेट्रोल होते, ते वर खेचायला वीज नव्हती.

आणि ७ मे २०२१. टेक्सासहून न्यू जर्सीपर्यंत येणारी कलोनियल पाइपलाइन बंद झाली. पूर्व किनाऱ्याच्या इंधनापैकी सुमारे ४५ टक्के तिच्यातून येते. चोरांनी एका जुन्या खात्याच्या पासवर्डने कंपनीच्या कार्यालयीन संगणकांत शिरून माहिती कुलूपबंद केली होती. पंपिंगची यंत्रणा शाबूत होती, पण कंपनीने धोका नको म्हणून नळ स्वतःच बंद केला आणि सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी भरली. पाच दिवसांत, १२ तारखेला, पाइपलाइन पुन्हा सुरू झाली. तोपर्यंत नॉर्थ कॅरोलायनातील निम्म्याहून जास्त पंप कोरडे होते, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल भरू नका अशी सूचना केंद्राच्या ग्राहक सुरक्षा आयोगाला काढावी लागली. फ्लोरिडातही कित्येक पंप आटले. फ्लोरिडाचे बहुतेक पेट्रोल जहाजांनी येते.