इनामगावची दफनं

आपल्याच जिल्ह्यात, तापीकाठी प्रकाशा इथं, १९५५ मध्ये उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली. पण ती माणसं मरणाकडे कशी बघत, हे नीट कळतं पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून उत्खनन केलं. लहान मुलं दोन रांजणांची तोंडं जुळवून राहत्या घराच्या जमिनीखाली पुरलेली. मोठ्यांचे पाय मात्र घोट्यापासून तोडलेले. मृतानं भूत होऊन भटकू नये म्हणून, असं अभ्यासक सांगतात. मला हे अर्धंच पटतं. नुसती भीतीच असती, तर प्रेत गावाबाहेर नेलं असतं की! त्याच सुमारास युरोपात मृतांवर मातीच्या टेकड्या रचत. यांनी आपला माणूस घरातच ठेवला. ‘जाऊ नकोस’ असंही पाय तोडताना कुणी म्हणालं असेल.