ऐकलेले गाणे आणि रचलेले गाणे

दुःखावर संगीताचा उतारा चालतो, ही समजूत फार प्राचीन आहे. शौल राजाचे चित्त व्यग्र झाले की दाविदाने वीणा वाजवून त्यास शांत करावे, ही बायबलातील कथा आपल्यापैकी अनेकांच्या वाचनात आली असेल. या कथेत वाजवतो तो दावीद. राजा केवळ ऐकतो. त्याच्या मनात काय सलत आहे, हे त्यास कोणी विचारीत नाही. संगीतोपचाराचा अर्वाचीन इतिहास चाळताना आम्हांस असे दिसून आले की, ही उणीव भरून निघावयास फार काळ लागला.

१८९१ मध्ये लंडन येथे फ्रेडरिक हारफर्ड या धर्मोपदेशकाने सेंट सिसिलियाच्या नावाने एक संघ स्थापन केला. रुग्णांस मंद, सौम्य संगीत ऐकवावे, हा त्याचा उद्देश. हेतू उदात्त खरा. परंतु संगीत येथे औषधाच्या मात्रेसारखेच होते. देणारा एक, घेणारा दुसरा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील सैनिकी रुग्णालयांत वादक मंडळी येऊन जखमी सैनिकांपुढे वाजवू लागली. रुग्णांवर होणारा परिणाम पाहून डॉक्टरांनी अशी माणसे कायम हवीत, असा आग्रह धरला आणि त्यातून शिक्षणाची निकड उत्पन्न झाली. मिशिगन येथे १९४४ मध्ये या विषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम निघाला होताच. १९५० मध्ये या व्यवसायाची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली.

खरे वळण आले ते १९५९ च्या सुमारास, इंग्लंडातील सनफील्ड येथील मुलांच्या संस्थेत. अमेरिकन संगीतरचनाकार पॉल नॉर्डॉफ आणि तेथील शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी मतिमंद व अबोल मुलांबरोबर काम आरंभिले. नॉर्डॉफ पियानोवर तयार चीज वाजवीत नसे. मूल ढोलावर जसा हात मारील, जसे रडेल, तोच ठेका, तोच स्वर उचलून तो तत्क्षणी संगीत रची. येथे प्रथम ऐकणारा होता उपचारक!

याच वाटेने पुढे समुपदेशनात गीतरचना आली. तिची रीत साधी आहे. कधी परिचित गाण्यातील काही शब्द वगळून त्या रिकाम्या जागा दुःखी माणसाने स्वतःच्या शब्दांनी भरावयाच्या. कधी त्याचे बोलणे टिपून घेऊन त्यातील ओळी त्याच्याच संमतीने चालीवर बसवावयाच्या. ध्रुपदामुळे सांगण्यास धीर न होणारी गोष्ट पुनःपुन्हा उच्चारता येते. कडवे संपते, म्हणून दुःखालाही काठ लाभतो. अमेरिकेत टेक्ससचे गीतकार डार्डेन स्मिथ यांनी २०१२ मध्ये माजी सैनिकांसाठी असाच उपक्रम सुरू केला. त्यातून मेरी गोशे या गायिकेचा २०१८ चा गीतसंग्रह निपजला. त्यातील अकराही गीते सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासह रचलेली असून रचनाकार म्हणून त्यांचीही नावे आहेत.

नावांचा हा तपशील आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. आम्ही दप्तरातली माणसे. गाऱ्हाणे घेऊन आलेल्या मनुष्याचे बोलणे आम्ही मसुद्यात घालतो. मसुदा निर्दोष उतरतो, पण वाचून दाखविला असता हे आपलेच गाऱ्हाणे, अशी ओळख त्यास पटतेच असे नाही. समुपदेशकाला हाच धोका आहे. यमक जुळविण्याच्या भरात त्याने दुसऱ्याचा ओबडधोबड शब्द घासून गुळगुळीत केला, की गाणे सुबक होते आणि उपाय फसतो.

आपल्याकडे जात्याशी बसणाऱ्या बायांना समुपदेशक ठाऊक नव्हता. पहाटे दोघी समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला हात घालीत, आणि माहेर, सासर, भाऊ, विठोबा यांस उद्देशून ओवी गात. जे घरात बोलता येत नसे, ते जात्यापाशी गाता येई. आणि समोरची ते ऐके. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडी हिंडून यांतील लाखाहून अधिक ओव्या टिपून ठेवविल्या, हे त्यांचे उपकारच होत. तथापि संग्रहात ओवी टिकते. समोर बसून ऐकणारी मात्र टिकत नाही.

बदलीच्या गावी आपली मंडळे गणेशोत्सवात पुण्यामुंबईचे गायक बोलावितात आणि आपण सारे श्रोते होऊन बसतो. ते अवश्य चालू द्यावे. परंतु ज्या गृहिणीला शेजारणीची भाषा येत नाही, ज्या मुलाची शाळा तिसऱ्यांदा बदलली आहे, त्यांच्या मनातले दाविदाची वीणा कितीही गोड वाजली तरी मनातच राहते. वर्षातील एक संध्याकाळ सभासदांच्या स्वतःच्या ओळींसाठी राखून ठेवावी, वृत्त चुकले तरी कोणी दुरुस्त करू नये, एवढेच आमचे मागणे आहे.